स्कूलबस चालकाचं लायसन्स: फायलीत नेमकं काय तपासायचं, आणि आरटीओची चाचणी पुरेशी धरायची का?

परिवहन_समिती_पालक

नमस्कार मंडळी. शाळेच्या परिवहन समितीकडे नवं सत्र सुरू होण्याआधी चालकांच्या फायली तपासायचं काम आहे. एकूण ११ गाड्या. ४ मोठ्या बस शाळेच्या मालकीच्या, ४ मधल्या बस ठेकेदाराच्या, आणि ३ तेरा आसनी व्हॅन, त्याही ठेकेदाराच्याच. फायलीत प्रत्येकाच्या लायसन्सची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि फोटो एवढंच आहे. तीन झेरॉक्सवर तारखा वाचताच येत नाहीत.

विचारायचं ते असं:

१. स्कूलबस चालवायला वेगळं लायसन्स असतं का? व्हॅनच्या दोन चालकांकडे फक्त एलएमव्ही (हलक्या वाहनाचं लायसन्स) आहे. ठेकेदार म्हणतो, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तेवढं चालतं. हे खरं आहे का?

२. लायसन्स खरं आहे आणि चालू आहे, हे शाळेनं स्वतः कसं बघायचं?

३. "पाच वर्षांचा अनुभव" आणि "चलान नको" अशा अटी सगळीकडे ऐकायला येतात. त्या कुठून आल्या आणि तपासायच्या कशा?

४. आरटीओच्या चाचणीत मुलांची ने-आण करण्यासंबंधी काही बघतात का, की ती जबाबदारी शाळेची?

---

कलम_तीन

स्कूलबससाठी वेगळं लायसन्स आपल्याकडे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये "शैक्षणिक संस्था बस" अशी व्याख्या आहे, पण ती गाडीची. ती गाडी चालवणाऱ्यासाठी निराळा वर्ग, निराळा पेपर किंवा निराळी चाचणी कायद्यानं ठेवलेली नाही. त्यामुळे तपासणी दोनच गोष्टींवर उभी राहते: गाडी कोणत्या वर्गात बसते, आणि चालकाच्या लायसन्सवर तो वर्ग त्या दिवशी जिवंत आहे का.

आधी मालकी बघा. कलम २(११) प्रमाणे शैक्षणिक संस्था बस म्हणजे संस्थेच्या मालकीची आणि फक्त विद्यार्थी व कर्मचाऱ्यांसाठी वापरली जाणारी. म्हणजे तुमच्या ११ पैकी ४ बस या व्याख्येत बसतात. ठेकेदाराच्या ७ गाड्या पिवळ्या असल्या आणि त्यांवर "शाळेच्या सेवेत" लिहिलेलं असलं, तरी त्या कंत्राटी परमिटवर चालणारी प्रवासी वाहनं आहेत. परमिट, करार, विमा या बाबतीत दोन्ही गटांचे कागद वेगळे असतील, त्यामुळे एकच चेकलिस्ट दोघांना लावू नका. मात्र दोन्ही गट "परिवहन वाहन" आहेत, म्हणून कलम ३ (योग्य लायसन्सशिवाय गाडी चालवायला मनाई) दोन्हीकडे लागू होतं.

मग वजन. आणि इथंच बहुतेक समित्यांची गल्लत होते. परिवहन वाहन किंवा ओम्नीबस (सहापेक्षा जास्त प्रवाशांची गाडी) असेल तर हलकं वाहन ठरवताना बघायचं ते एकूण भारित वजन, म्हणजे आरसीवरचं (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचं) जीव्हीडब्ल्यू. मर्यादा ७५०० किलो. रिकाम्या गाडीचं वजन मोटारकार आणि ट्रॅक्टरसाठी धरतात. आरसीवर दोन्ही आकडे शेजारीशेजारी असतात आणि लोक घाईत लहान आकडा वाचून "हलकी आहे" म्हणून मोकळे होतात. तेरा आसनी व्हॅन ७५०० च्या बरीच खाली असते, तिथं शंका नाही. मोठी बस उघडच वर. तुमच्या मधल्या ४ बस मात्र अगदी काठावर असू शकतात. एकाच कंपनीच्या दिसायला सारख्या दोन बसपैकी एक मर्यादेच्या आत आणि दुसरी बाहेर असू शकते. आसनसंख्येवरून अंदाज बांधू नका, प्रत्येक आरसी हातात घ्या. ७५०० च्या वर मध्यम, आणि १२,००० किलोच्या वर गेली की ती जड प्रवासी वाहन.

आता एलएमव्हीचा प्रश्न. ठेकेदार जे सांगतो त्याला आधार आहे. मुकुंद देवांगन प्रकरणात २०१७ मध्ये आणि नंतर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की ७५०० किलोपर्यंतच्या परिवहन वाहनासाठी एलएमव्ही लायसन्स पुरेसं आहे, त्यावर वेगळी परिवहन नोंद लागत नाही. धोकादायक माल वाहणारी वाहनं आणि ई-रिक्षा, ई-कार्ट हे अपवाद. म्हणजे तुमच्या व्हॅनचे ते दोन चालक निव्वळ लायसन्सच्या मुद्द्यावर बेकायदा नाहीत. परमिटच्या अटी आणि शाळेचा करार मात्र वेगळे वाचा, त्यांत जास्त मागितलं असेल तर ते पाळावं लागेल.

लायसन्स तपासायला झेरॉक्स कामाची नाही. परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर सारथी या लायसन्सच्या सरकारी नोंदप्रणालीत लायसन्सची माहिती बघायची सोय आहे. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की पान उघडतं. त्यात या जागा वाचा:

– सद्यस्थिती. इथं "ॲक्टिव्ह" सोडून काही दिसलं तर पुढं वाचायची गरज नाही.
– वैधतेच्या दोन ओळी: नॉन-ट्रान्सपोर्ट (बिगर-परिवहन) आणि ट्रान्सपोर्ट (परिवहन). ७५०० च्या वरच्या गाडीसाठी दुसरीच ओळ महत्त्वाची.
– खालचा तक्ता, ज्यात वाहनाचा वर्ग आणि तो वर्ग लायसन्सवर कधी चढला ती तारीख असते.

सगळ्यात जास्त चूक वैधतेच्या ओळीत होते. लायसन्स विशीत काढलेलं असेल तर नॉन-ट्रान्सपोर्टची मुदत वयाच्या चाळिशीपर्यंत दिसते. ती लांबची तारीख बघून फाइल पास केली जाते, आणि ट्रान्सपोर्टची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली असते. ट्रान्सपोर्टची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षं आहे, पूर्वी ३ होती. त्याच दुरुस्तीनं मुदत संपल्यानंतरची ३० दिवसांची सवलतही काढली. जुने चालक अजून "महिनाभर चालतं" म्हणतात. आता चालत नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, त्यामुळे उशिराला सबबही नाही. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर चाचणी पुन्हा द्यावी लागते.

लायसन्स सारथीवर सापडलंच नाही तर लगेच बनावट म्हणू नका. जुन्या पुस्तिकेतली हातानं लिहिलेली लायसन्सं संगणकावर चढलेली नसतात. पण ती चढवून घेण्याचं काम चालकाचं आणि त्याला लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं. ते होईपर्यंत त्याला गाडी देऊ नका.

मध्यम-जड वर्ग मिळवण्याचा रस्ताही माहीत असू द्या, म्हणजे तारखांची तोंडमिळवणी करता येते. परिवहन वाहनासाठी किमान वय २०. शिकाऊ लायसन्स मिळण्याआधी एलएमव्ही निदान एक वर्ष जुनं हवं. शिकाऊ मिळाल्यावर ३० दिवस थांबायचं, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ जोडायचं, डॉक्टरचं फॉर्म १-अ जोडायचं आणि ज्या प्रकारचं लायसन्स हवं त्याच प्रकारच्या गाडीवर चाचणी द्यायची. नापास झाला तर ७ दिवसांनी पुन्हा, आणि तीनदा नापास झाला तर ६० दिवस थांबायचं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला फायलीत नसेल तर अडवू नका. वरच्या क्रमात न बसणाऱ्या तारखा दिसल्या, म्हणजे एलएमव्ही आणि जड वर्ग एकाच महिन्यात चढलेले दिसले, तर लायसन्स देणाऱ्या कार्यालयाकडे लेखी विचारा.

---

फाइल_आणि_फौजदारी

वरच्या उत्तरातल्या निकालाच्या मुद्द्याला एक जोड द्यायलाच हवी, नाहीतर ठेकेदार तेवढंच वाक्य कापून वापरतील.

घटनापीठापुढचा प्रश्न असा होता, की एलएमव्ही लायसन्सवर हलकं परिवहन वाहन चालवणारा "वैध परवानाधारक" धरायचा का, कारण विमा कंपन्या त्यावरून दावे नाकारत होत्या. उत्तर "हो" आलं. पण त्याच निकालाप्रमाणे परिवहन वाहनांसाठीच्या जादा पात्रता अटी आता फक्त ७५०० किलोच्या वरच्या गाड्यांना लागतात. याचा शाळेच्या दृष्टीनं अर्थ काय होतो, तो बघा. पस्तिशीच्या आतला, फक्त एलएमव्हीवाला चालक तेरा मुलं घेऊन रोज व्हॅन चालवू शकतो आणि त्याची आयुष्यात एकदाही वैद्यकीय तपासणी झालेली नसू शकते. बिगर-परिवहन लायसन्सला चाळिशीपर्यंत स्वघोषणा पुरते. परिवहनची चाचणी त्यानं दिलेली नसते, फॉर्म ५ लागलेलं नसतं. कायद्याची किमान पातळी जिथं सर्वात खाली आहे, तिथंच आपण सर्वात लहान मुलं बसवतो, कारण बालवाडीच्या गल्ल्यांत व्हॅनच जाते. माझं स्पष्ट मत आहे, की कराराद्वारे व्हॅनच्या चालकाकडूनही परिवहन नोंद आणि फॉर्म १-अ मागा. कायदा किमान सांगतो. जास्त मागायला शाळेला कुणी अडवत नाही.

आता पाच वर्षं आणि चलान. या अटी सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या एम. सी. मेहता प्रकरणातल्या आदेशांतून आल्या. मूळ आदेश दिल्लीच्या वाहतुकीसंबंधी होते, पुढं शाळांच्या नियमावल्यांनी त्या उचलल्या. त्यांचा गाभा असा: जड वाहनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव, सिग्नल तोडणं, स्टॉप लाइन ओलांडणं, लेनची शिस्त मोडणं, अनधिकृत माणसाच्या हाती गाडी देणं अशांसाठी वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा चलान झालेला माणूस नको, आणि अतिवेग, दारू पिऊन चालवणं किंवा धोकादायक चालवणं यासाठी एकदाही नको. भारतीय दंड संहितेची २७९, ३३७, ३३८ आणि ३०४-अ ही कलमंही त्यात आहेत.

इथं एक काम तातडीनं करा. शाळांकडच्या हमीपत्रांचे नमुने वर्षानुवर्षं तेच चालतात आणि त्यांत फक्त दंड संहितेची कलमं छापलेली असतात. १ जुलै २०२४ पासूनचे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली नोंदले जातात: भरधाव वाहन चालवणं कलम २८१, निष्काळजीपणानं इजा कलम १२५, निष्काळजीपणानं मृत्यू कलम १०६. चालकानं "माझ्यावर २७९ खाली गुन्हा नाही" असं लिहून दिलं, तर ते अक्षरशः खरं असेल आणि तरी गेल्या वर्षीचा गुन्हा त्यातून निसटेल. दोन्ही कायद्यांची कलमं छापा.

चलान तपासणं वाटतं तितकं सरळ नाही. ई-चलान पोर्टलवर लायसन्स क्रमांकानं शोधता येतं, पण कॅमेऱ्यानं झालेलं चलान गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाच्या नावे पडतं. चालकाच्या लायसन्सवर ते दिसणारच नाही. उपाय एकच आहे: रोजची ड्यूटी नोंद. गाडी क्रमांक, चालक, किल्ली कधी घेतली, कधी दिली, एवढ्या चार रकान्यांची वही पुरते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ११ ही गाड्यांचे नंबर टाकून चलानं काढा आणि तारीख-वेळ वहीशी जुळवा. वही नसेल तर "तो दिवस माझा नव्हता" यावर काही बोलता येत नाही.

अनुभवाच्या पाच वर्षांबाबत: सारथीवरची वर्ग चढल्याची तारीख तुम्हाला फक्त कमाल मर्यादा सांगते. वर्ग २०२३ मध्ये चढला असेल तर आज पाच वर्षं होणं शक्य नाही, एवढंच. २०१५ मध्ये चढला म्हणून दहा वर्षं बस चालवली असं होत नाही. मधली आठ वर्षं तो कार चालवत असू शकतो. आधीच्या मालकाचं पत्र घ्या आणि त्यात गाडीचा प्रकार लिहून मागा. "चालक म्हणून काम केले" एवढ्यावर समाधान मानू नका.

चारित्र्य पडताळणी वेगळी आणि सक्तीची. ऑगस्ट २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागानं काढलेल्या शासन निर्णयात कंत्राटी आणि बाह्यस्रोतातून घेतलेल्या कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करायला सांगितलंय, त्यात स्कूलबसचे चालकही येतात. बॅजसाठी (प्रवासी वाहन चालवण्याच्या अधिकारपत्रासाठी) पूर्वी केव्हातरी झालेली पडताळणी यासाठी धरू नका, ती कदाचित सात वर्षं जुनी असेल. अटेंडंटचीही (बसमधल्या मदतनीस ताईंची) करा.

आणि बदली चालक. सगळ्या फायली नेमलेल्या चालकांच्या असतात, आणि ज्या दिवशी तो लग्नाला जातो त्या दिवशी गाडीवर ठेकेदाराचा भाचा असतो. अनधिकृत माणसाला गाडी देणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली मालकाचा स्वतंत्र गुन्हा आहे, ३ महिने कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. लायसन्स योग्य नसेल तर विमा कंपनी जखमींना भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. शाळेच्या मालकीच्या ४ बसबाबत हा मालक म्हणजे तुमची संस्था. दर चार-पाच चालकांमागं एक बदली चालक आधीच तपासून, त्याची फाइल तयार ठेवा. यादीबाहेरचा माणूस आला तर गाडी फाटकातून निघणार नाही, हे गेटवरच्या सुरक्षारक्षकाला लेखी सांगा आणि फोटोंची यादी त्याच्याकडे द्या.

---

परिवहन_समिती_पालक

फार उपयोग झाला, दोघांचेही आभार. आरसी काढल्या. मधल्या ४ पैकी एक बस ७५०० च्या वर निघाली आणि तिच्या चालकाची ट्रान्सपोर्टची मुदत येत्या महिन्यात संपतेय.

चौथा प्रश्न राहिला. ठेकेदाराचं म्हणणं, आरटीओनं पास केलेल्या माणसाची परत परीक्षा घ्यायचा शाळेला काय अधिकार? आणि घ्यायचीच झाली तर ती नेमकी कशी घ्यायची? आमच्यात मोठी गाडी चालवणारं कुणी नाही.

---

मागचा_आरसा

अधिकार करारातून येतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनी शाळा आणि वाहतूकदार यांच्यात करार आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती या दोन्ही गोष्टी ठेवल्या आहेत. करारात एक ओळ घाला: "समितीची प्रात्यक्षिक चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणत्याही चालकास विद्यार्थी असलेली बस चालवता येणार नाही." ठेकेदारानं सही केली की वाद संपला. लायसन्स देणं सरकारचं काम आहे. आपल्या मुलांसाठी हा माणूस ठेवायचा की नाही, हे ठरवणं शाळेचं.

आरटीओची चाचणी रिकाम्या गाडीवर, एकदाच आणि मोकळ्या ट्रॅकवर होते. गिअर, क्लच, चढावर गाडी मागं न जाणं, रिव्हर्स, सिग्नल देणं, आरसे बघणं हे सगळं तिथं बघतात आणि ते लागतंच. दार कधी उघडायचं, उतरलेलं मूल कुठं गेलं, शेवटच्या सीटवर कोण झोपलंय हे त्या यादीत नाही. स्कूलबसभोवतीचा धोका मुख्यतः गाडी उभी असताना आणि पहिल्या पाच मीटरमध्ये असतो. चाचणी त्याभोवती बांधा.

परीक्षक म्हणून अनुभवी, आणि तुमच्या ठेकेदाराशी संबंध नसलेला जड वाहनाचा प्रशिक्षक एक दिवसासाठी बोलवा. समितीतल्या दोघांनी कागद घेऊन सोबत राहायचं. शाळेचं मैदान, आठ कोन, खडू, मोजपट्टी आणि एक मीटर उंचीच्या चार काठ्या एवढं साहित्य पुरतं. मैदानात त्या वेळी एकही मूल नको.

आंधळी जागा. यासाठी सर्वात जास्त वेळ द्या. चालक सीटवर, पट्टा बांधून, आरसे त्यानं स्वतः लावलेले. बंपरला टेकून मध्यभागी एक काठी उभी करा. बालवाडीतलं मूल साधारण याच उंचीचं असतं. चालकाला विचारा, टोक दिसतं का? नाही म्हणाला तर काठी अर्धा अर्धा मीटर पुढं सरकवत जा, आणि जिथं टोक पहिल्यांदा दिसेल तिथं खडूनं खूण करा. मग डाव्या कोपऱ्यापासून, उजव्या कोपऱ्यापासून, डाव्या पुढच्या चाकाशेजारी, आणि मागच्या बंपरमागं तसंच. सगळ्या खुणा जोडल्या की गाडीभोवती एक आकृती तयार होते. त्या आकृतीच्या आत उभं असलेलं मूल चालकाच्या लेखी नसतंच. लांब नाकाच्या बसची आणि सपाट तोंडाच्या बसची आकृती अगदी वेगळी येते, म्हणून प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी काढा. चालकाला खाली उतरवून ती आकृती चालून दाखवा. अटेंडंट ताईंनाही दाखवा, कारण मूल त्या रेषेच्या बाहेर गेलं हे सांगायचं काम त्यांचं. मग गोल आरसे नीट लावून हेच पुन्हा करा. आकृती किती लहान झाली ते बघितल्यावर वाकडा आरसा घेऊन कुणी निघत नाही.

शेपूट. मागच्या चाकांच्या मागं बसचा जो भाग लोंबतो, तो चाकतळाच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो. चाकतळ ४२०० मिमी असेल तर अडीच मीटर. बस एका सरळ खडूच्या रेषेला डाव्या बाजूनं चिकटून उभी करा, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं फिरवून हळू पुढं घ्या आणि मागचा डावा कोपरा रेषेच्या किती पलीकडं जातो ते मोजा. स्टॉपवरून उजवीकडं काढताना तो कोपरा फुटपाथवर उभ्या मुलांवर येतो. उत्तीर्ण होण्याची खूण: चालक आधी सरळ पुढं जातो, डावा आरसा बघतो, मग हळूहळू वळवतो.

रिव्हर्स. शक्य तिथं रिव्हर्स टाळणं हेच बरोबर उत्तर, आणि मार्ग आखतानाच ते बघायला हवं. चाचणीत अटेंडंटला मागं उजव्या बाजूला उभं करा, आणि मध्येच त्यांना आरशातून दिसणार नाही अशा जागी जायला सांगा. चालकानं ताबडतोब थांबायला हवं. "आवाज येत होता" म्हणून जो मागं येत राहतो, तो नापास. इथं सूट देऊ नका.

स्टॉप. क्रम पाठ नको, हातातून यायला हवा: डावीकडं कडेला, पूर्ण थांबा, न्यूट्रल, हँडब्रेक, चारही इंडिकेटर, आरसे, मग दार. आधी अटेंडंट उतरणार, मग मुलं. रस्ता ओलांडायचा असेल तर अटेंडंटसोबत, गाडीच्या पुढून, चालकाला डोक्यापासून पायापर्यंत दिसतील एवढ्या अंतरावरून. आंधळ्या जागेच्या आकृतीत आलेल्या खुणेच्या एक मीटर पलीकडून म्हटलं तर चुकत नाही. निघण्याआधी उतरलेल्यांची मोजणी. परीक्षकानं मुद्दाम एक डबा पुढच्या चाकापाशी पडू द्यावा. मुलं पडलेली वस्तू घ्यायला मागं वळतात, आणि चालक तेव्हा काय करतो ते बघायचं.

रस्त्यावर. अर्धा तास, त्याच्या खऱ्या मार्गावर, मुलांशिवाय. अटेंडंट मधल्या वाटेत उभ्या. ब्रेक लागताना त्यांना दांडा घट्ट धरावा लागला तर नोंद करा. वेग नियंत्रकाचं सील बघा. फोन खिशात नको, डॅशबोर्डवरही नको.

निघण्याआधी आणि पोचल्यावर. चालकानं गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायची: टायर, चाकांचे नट, गळती, दिवे, काचा. आत येऊन आपत्कालीन दार आतून उघडून बघायचं. बऱ्याच गाड्यांत ते दप्तरांच्या रॅकनं किंवा जादा सीटनं अडवलेलं असतं. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का. हवेचे ब्रेक असतील तर इंजिन बंद, किल्ली ऑन, आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवायची. दाब कमी झाल्याचा बझर वाजलाच पाहिजे. शेवटच्या फेरीनंतर चालकानं स्वतः मागच्या सीटपर्यंत चालत जायचं, सीटखालीही बघायचं, आणि येताना खिडक्या लावायच्या. चाचणीच्या दिवशी मागून दुसऱ्या सीटवर एक दप्तर आडवं ठेवून द्या. ते न आणता किल्ली परत देणाऱ्याला त्या दिवशी पास करू नका.

आठवड्यानं पुन्हा संधी द्या. बहुतेक जण दुसऱ्यांदा नीट करतात, कारण त्यांना हे आधी कुणी विचारलेलंच नसतं. मात्र रिव्हर्सला न थांबणारा आणि फोन उचलणारा यांना पुन्हा बोलवू नये.

---

फॉर्म_एक_अ

वैद्यकीय बाजू राहिली. फॉर्म १-अ मध्ये डॉक्टर बघतात ते असं: दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, रंग ओळखता येतात का, रातांधळेपणा आहे का, नेहमीचे आवाजाचे इशारे ऐकू येतात का, झटके-चक्कर येते का. प्रश्न बरोबर आहेत. अडचण अशी की ते लायसन्सच्या वेळी विचारले जातात आणि पुढं ५ वर्षं कुणी विचारत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्यांत आणि साखरेत पाच वर्षांत बरंच बदलतं.

म्हणून दर वर्षी सत्र सुरू होण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या आणि त्यात बाजूच्या दृष्टीची तपासणी मागून घ्या. काचबिंदूत समोरचं स्वच्छ दिसत असतं आणि कडेचं जात असतं. नंबरप्लेट वाचणारा माणूस डावीकडून धावत येणारं मूल बघू शकत नाही. चष्मा लागला असेल तर दुसरा जोड गाडीत ठेवायला लावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला काढू नका, पण सकाळी उपाशीपोटी स्टिअरिंगवर बसायचं नाही आणि साखर मोजून निघायचं, हे ठरवून घ्या. साखर एकदम उतरली की निर्णय चुकतात, आणि घामासारखी खूण प्रत्येकाला आधी मिळेलच असं नाही. मोठ्यानं घोरणारा आणि दिवसा डुलकी लागणारा चालक असेल तर त्याला झोपेच्या तपासणीला पाठवा. औषधांची यादी दर तीन महिन्यांनी विचारा. सर्दीच्या साध्या गोळीनंही गुंगी येते.

दारूबद्दल. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ. शाळेनं करारात शून्य लिहावं. आणि चाचणी सकाळच्या पहिल्या फेरीआधी घ्यावी. रक्तातली ही पातळी तासाला साधारण १५ ते २० मिग्रॅच्या गतीनं उतरते. मध्यरात्री १५० असेल, तर तासाला १५ धरून सकाळी ६ वाजता ६० उरते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. माणूस अंघोळ करून, चहा पिऊन, अगदी ताजातवाना दिसतो. श्वासाच्या यंत्रावर आकडा आला तर लगेच आरोप करू नका: माउथवॉश किंवा खोकल्याच्या औषधानंही तोंडात दारूचा अंश राहतो. पाण्यानं चूळ भरायला सांगा, १५ मिनिटं समोर बसवा, काही खाऊ-पिऊ देऊ नका आणि पुन्हा घ्या. दुसऱ्यांदाही आला तर बदली चालक. यंत्राचं कॅलिब्रेशन कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत करून त्याचा कागद जपून ठेवा, नाहीतर चालकानं आव्हान दिलं की तुमचा आकडा टिकणार नाही.

---

कलम_तीन

वरचे दोन्ही प्रतिसाद छापून फायलीला लावा. तुमच्या त्या ७५०० च्या वरच्या बसबद्दल: चालकाला आजच अर्ज करायला सांगा. फॉर्म १-अ आधी घ्यावा लागतो आणि जून जवळ आला की डॉक्टरकडं आणि कार्यालयात गर्दी होते. अर्जाची पावती म्हणजे लायसन्स नव्हे. सारथीवर ट्रान्सपोर्टच्या ओळीत नवी तारीख दिसेपर्यंत, जुनी मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या बसवर दुसरा चालक लावा.

झेरॉक्सवर तारखा न दिसणाऱ्या तिघांचं काम सोपं आहे. त्यांना फोनवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स उघडायला सांगा. ते कागदाइतकंच ग्राह्य आहे. त्यातला क्रमांक आणि जन्मतारीख घेऊन सारथीवर तुम्ही स्वतः बघा आणि त्या पानाची तारखेसह प्रत काढा. चालकानं पाठवलेला स्क्रीनशॉट फायलीत लावू नका.

अकराही चालकांच्या आणि बदली चालकांच्या ट्रान्सपोर्ट मुदती (फक्त एलएमव्हीवाल्यांच्या नॉन-ट्रान्सपोर्ट मुदती) एका कागदावर तारखेच्या क्रमानं लिहून मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. ज्याच्या नावापुढं ९० दिवस उरले, त्याला त्या दिवशी पत्र.